नाव सेव्ह होत नाही

"सेव्ह झालं म्हणतंय की, मावशी."

"म्हणतंय. झालेलं नाही."

भाग्यलक्ष्मीनं फोन काउंटरवरून परत मंजुनाथच्या पुढ्यात सरकवला. चामराजपेटेतलं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहून बोलायचं. आत्ता ती एकटीच होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. मंजुनाथ निपाणीकडचा. बाई मराठी बोलतात म्हणून तो तिला दुकानातलं एकुलतं एक स्टूल देत असे, आणि आज त्याला त्याचा पश्चात्ताप होत होता.

"माझ्या फोनवर फोटोखाली नाव दिसतं," ती म्हणाली. "भाच्याला पाठवलं की गायब. फोटो पोचतो, नाव पोचत नाही. मधे कुठं सांडतं तेवढं शोध."

"सांडत न्हाई वो. ते फोटोत गेलंच न्हाई कधी." मंजुनाथनं फोन तिच्याकडे वळवला. "हे बगा. तुमी नाव लिवलं, ते ह्या ॲपनं आपल्या खिशात ठिवलं. फोटोच्या फाइलीत घातलंच न्हाई. तुमी फोटो दुसऱ्याला दिला की फोटो जातोय, खिसा ऱ्हातोय हितंच."

"म्हणजे नाव पाकिटावर. फिल्मवर नाही."

"कसली फिल्म?"

त्याला कुठून कळणार? भाग्यलक्ष्मीची सगळी नोकरी एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात गेली. त्या काळी फिल्मच्या कोपऱ्यात शिशाची अक्षरं मांडून पेशंटचं नाव फोटोबरोबरच उमटवायचं असे. कामाचा कंटाळा असलेली माणसं तेवढंही करत नसत, नुसतं पाकिटावर लिहून मोकळी होत. मग टेबलावर दोन पाकिटांची अदलाबदल व्हायची आणि एकाचा मोडका हात दुसऱ्याच्या नावावर जायचा. भाग्यलक्ष्मी त्यावरून डॉक्टरांशीही भांडायची. तिच्या पाठीमागे विभागात तिला 'शिसं' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"मग फाइलीत घाल," ती म्हणाली.

"सगळ्या फोटोंत?"

"सगळ्या. पण एका फोटोत गेलं नाही, तर बाकीच्यांत घालून मला काही उपयोग नाही."

पुढच्या महिन्यात तिच्या थोरल्या भावाचं, नरसिंहरावांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. चिकपेटेतलं कापडाचं दुकान विकून ते बायकोला घेऊन व्हाइटफील्डला मुलाकडे राहायला गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा गुरुदत्त सॉफ्टवेअरमधला. कार्यक्रमाच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा, त्यावर घरातले जुने फोटो एकामागून एक येत राहतील, आणि फाइलीत जे नाव लिहिलं असेल ते फोटोखाली आपोआप उमटेल, ही त्याचीच कल्पना. "नावं तेवढी नीट घाल आत्या, बाकी प्रोग्राम करतो," असं त्यानंच सांगितलं होतं. जुने फोटो भाग्यलक्ष्मीच्या ट्रंकेत होते. तिनं एकेक फोटो खिडकीतल्या उजेडात धरून फोनवर उतरवून घेतला होता.

त्यातला एक फोटो लग्नाचा. फेटा बांधलेले, कोवळ्या मिशीचे नरसिंहराव, आणि शेजारी मुंडावळ्या बांधलेली नवरी. त्या काळच्या नवऱ्या जमिनीकडे बघत. ही सरळ कॅमेऱ्यात बघत होती, झालं का तुमचं असं फोटोग्राफरलाच विचारत असल्यासारखी. ही नरसिंहरावांची आत्ताची बायको नव्हे. ही पहिली, निपाणीहून आलेली शिवलीला.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सावित्री' लिहिलं आणि शिवलीला हे नाव तिथंच संपलं. भाग्यलक्ष्मी तेव्हा दोन वेण्या घालून कन्नड शाळेत जात होती. घरात सगळे मराठी बोलत, पण लिहायला कोणालाच धड येत नव्हतं. वहिनीनं तिला स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूनं अक्षरं गिरवायला लावली. सगळ्यात आधी लिहून दाखवलं ते स्वतःचंच नाव. "हे माझं खरं. कुणाला सांगू नकोस," म्हणाली आणि ओल्या फडक्यानं लगेच पुसून टाकलं. आज फोनवर भाग्यलक्ष्मी ज्या अक्षरांत नावं लिहीत होती ती त्या फरशीवरची होती.

वहिनीला मूल होईना. काही वर्षांनी हवापालट म्हणून तिला माहेरी पोचवलं आणि परत आणलंच नाही. मग फारकत झाली, दुसरी बायको आली. दुसऱ्या लग्नाला मांडव नव्हता, फोटोग्राफर नव्हता, देवळात चार माणसांत उरकलं. शिवलीला निपाणीत शिवणाचे वर्ग घेत राहिली आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. बातमी आली तेव्हा व्हाइटफील्डच्या घरात कोणी आंघोळसुद्धा केली नाही. चामराजपेटेत भाग्यलक्ष्मीनं एकटीनं डोक्यावरून पाणी घेतलं. त्या दिवशी तिला जो राग आला तो अजून उतरला नव्हता.

मंजुनाथनं दुसरं ॲप टाकलं. हे फाइलीतच लिहितं म्हणाला. भाग्यलक्ष्मीनं नाव लिहिलं, 'सेव्ह झालं' असं आलं, फोटो बंद करून उघडला, तर जागा कोरी. पुन्हा लिहिलं, पुन्हा कोरी. मंजुनाथनं डोकं खाजवलं, फोन उलटा करून बघितला, मग एकदम हसला.

"फोटो मेमरी कार्डावर हायत, मावशी. ह्या ॲपला कार्डावरचं वाचायची परवानगी हाय, लिवायची न्हाई."

"मग झालं नाही म्हणून सांगावं की. सेव्ह झालं कशाला म्हणतं?"

"त्याला न्हाई म्हणायला जमत नसंल."

"आमच्या घरातलंच दिसतंय," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

फोटो कार्डावरून फोनमध्ये हलवले. आता नाव टिकलं, पण मराठी टिकलं नाही. नरसिंहरावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली, शिवलीलेच्या जागीही प्रश्नचिन्हांची रांग आली.

"इंग्लिशमधी लिवा की."

"नाही."

"कन्नडमधी?"

"कन्नडशी माझं काही भांडण नाही बाबा. पण हे नाव मराठीतच यायला पाहिजे."

मंजुनाथनं मुकाट्यानं पुन्हा डोकं खाली घातलं. एक गिऱ्हाईक येऊन वैतागून गेलं. फाइलीत नाव लिहायचे रकाने एकापेक्षा जास्त असतात, त्यातला एक जुना असून त्याला इंग्रजीशिवाय काही कळत नाही, हे त्याला बऱ्याच खटपटीनंतर सापडलं. त्यानं दुसऱ्या रकान्यात नाव घातलं, फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतली आणि वेगळ्याच प्रोग्राममध्ये उघडली. स्क्रीनवर ओळ आली: नरसिंहराव आणि शिवलीला, लग्न.

भाग्यलक्ष्मीनं ती मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, नुसतं शेवटचं नाव. 

"आता फोटो कुटंबी जाऊ दे, नाव संगट जाणार," मंजुनाथ म्हणाला. "फकस्त चॅटमधनं फोटो म्हणून पाठवू नका. फोटो म्हणून दिला की ते त्याला पिळून काढतंय, नावबिव सगळं निगून जातंय. डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

बाकीच्या फोटोंतही त्यानं नावं घालून दिली. तिनं त्या स्टुलावर बसूनच ते सगळे डॉक्युमेंट म्हणून गुरुदत्तला पाठवले. त्याचा लगेच अंगठा आला.

रविवारी गुरुदत्तनं तिला तालीम बघायला बोलावलं. मॅजेस्टिकला मेट्रो बदलून ती व्हाइटफील्डला पोचली. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर फोटो सुरू झाले. सोफ्यावर नरसिंहराव, त्यांच्या बाजूला ती, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन खाली गालिच्यावर गुरुदत्त. दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो आला, खाली नावं. गुरुदत्तच्या मुंजीचा आला, खाली नावं, तिनं लिहिली तशीच, कानामात्रेसकट. मग लग्नाचा फोटो आला. खाली ओळ होती: आई-आप्पांचं लग्न. नरसिंहराव व सावित्री.

भाग्यलक्ष्मीनं ती ओळ पुन्हा वाचली. एक्स-रेची फिल्म कोरी आली की ओरडायचं नाही, असं तिला नोकरीत शिकवलेलं होतं. आधी फिल्म बघायची, मग मशीन, मग डार्करूम. फाइलीत नाव होतं, तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. पाठवलं होतं तेही बरोबर, कारण बाकीची नावं आली होती. आता उरली ती माणसं.

"गुरू, हे कोणी लिहिलं?"

"त्या एका फाइलमध्ये स्वल्प प्रॉब्लेम होता, आत्या. नाव सेव्ह होत नव्हतं."

"बाकीच्यांत झालं?"

"होय. बाकीच्यांत झालं."

"मी जन्मभर खराब फिल्मा बघितल्यात रे. खरं काय ते सांग."

गुरुदत्तनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईला वाईट वाटेल ना, आत्या. माझ्या ऑफिसचे लोक येणार, मुलीच्या सासरचे येणार. सगळ्यांसमोर आप्पांच्या लग्नात दुसरीच बायको? आणि मी खोटं काय लिहिलंय? आईसारखं तिचं नावही सावित्रीच होतं की."

"मग हा फोटोच काढून टाकायचा होतास."

"लग्नाचा दुसरा फोटोच नाही ना आपल्याकडे. मुंडावळ्यांत चेहरा कुठे कळतोय कुणाला?"

नरसिंहराव इतका वेळ टीव्हीकडे न बघता टीव्हीखालच्या कपाटाकडे बघत होते. "भाग्या, जाऊ दे की आता," ते म्हणाले. "जुनं कशाला उकरतेस? सगळे म्हातारे झालो."

"तीही झाली होती, अण्णा, म्हातारी. एकटीच झाली." भाग्यलक्ष्मीचा आवाज चढला. "तू तिला घालवलंस, त्याचं मी आज काढत नाही. तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझं ऐकलं नसतं. पण तिच्या तोंडाखाली दुसरीचं नाव लिहायचं, हे मी चालू देणार नाही. तिचं नाव पडद्यावर आलं नाही ना, तर मी हॉलमध्ये उभी राहून मोठ्यानं सांगेन. मला माइकसुद्धा लागायचा नाही."

"आत्या, हळू..."

"हळू कशाला? गेली पन्नास वर्षं हळूच चाललंय."

स्वयंपाकघराच्या दारात सावित्रीबाई उभ्या होत्या. हातात कॉफीचा ट्रे. नरसिंहरावांची ही दुसरी बायको, गुरुदत्तची आई. या घरात त्यांचा आवाज कधी कोणी चढलेला ऐकला नव्हता, आणि भाग्यलक्ष्मीचं त्यांच्याशी सणावारापुरतं गोड बोलण्यापलीकडे कधी गेलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. भाग्यलक्ष्मीला कसंनुसं झालं. यांना दुखवायचं तिच्या मनात नव्हतं. पण मागे फिरायचंही नव्हतं.

सावित्रीबाईंनी ट्रे ठेवला आणि टीव्हीजवळ जाऊन फोटो निरखून पाहिला.

"किती सरळ बघते बाई," त्या म्हणाल्या.

"आई, मी बदलतो ते, तू मनाला..."

"तू मला विचारलं होतंस का रे?" त्या मुलाकडे वळल्या. "आईला वाईट वाटेल, आईला वाईट वाटेल. एकदा विचारायचं होतंस. हा फोटो माझा नाही. माझ्या लग्नाला फोटोवाला नव्हता, तर नव्हता. दुसरीच्या फोटोत नेऊन मला उभी करू नकोस."

गुरुदत्तनं लॅपटॉपवर मान वाकवली.

"आणि भाग्या, मला काही तिचं कौतुक नाही," सावित्रीबाई पुढे म्हणाल्या. "तुझ्यासारखी मी तिच्याजवळ बसले नाही. मी आले तेव्हा तिच्या लग्नातली भांडी मांडणीवर होती. प्रत्येकावर नाव घातलेलं, सौ. सावित्री. माझं नाव ठरवायला बसले तर सासूबाई म्हणाल्या, भांड्यांवर घातलेलं नाव कोण खोडत बसणार? हीही सावित्रीच होऊ दे. झालं. तांदळात तेच लिहिलं. बघ की, भांडी वाया जाऊ नयेत म्हणून."

भाग्यलक्ष्मीला हे ठाऊक नव्हतं. आपल्या आईला ते नाव आवडत असेल, एवढंच तिनं लहानपणी धरून ठेवलं होतं. नरसिंहरावांनी उचललेला कप तसाच खाली ठेवला. त्यांना ठाऊक होतं.

"मग तुम्ही कोण होता, वहिनी?"

"अंबू." म्हणाल्या आणि लाजून स्वतःच हसल्या. "किती दिवसांनी आलं गं तोंडात."

 टीव्हीवरची नवरी सगळ्यांकडे बघत राहिली.

"तर त्या फोटोला तिचं नाव घाल," सावित्रीबाईंनी मुलाला सांगितलं. "तुझ्या आत्यानं लिहिलंय तेच, त्यात काही कमीजास्त करू नकोस. आणि माझ्या फोटोला माझं घाल."

"तुझा कुठला फोटो, आई?"

"आत्ता काढ की, भाग्या. असलाच."

त्या भिंतीजवळ उभ्या राहिल्या. घरातली साधी साडी, पदराला ओला हात पुसल्याचा डाग. गुरुदत्त म्हणाला की आई, निदान साडी तरी बदल, तर त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाग्यलक्ष्मीनं फोटो काढला आणि मंजुनाथनं दाखवलेला रकाना उघडला. तिनं लिहायला बोट पुढे केलं, तेवढ्यात सावित्रीबाईंनीच फोन घेतला.

"मी टाइप करतो ना," गुरुदत्त म्हणाला.

"बेडा, नको. मला येतं."

येत नव्हतं. पण त्यांनी एकेक अक्षर शोधलं, चुकलं ते पुसलं, अनुस्वार कुठे असतो ते भाग्यलक्ष्मीला विचारलं. बाकी मदत घेतली नाही. शेवटी फोन लांब धरून बघितला. "सेव्ह झालं म्हणतंय," त्या म्हणाल्या.

"त्याच्यावर विश्वास ठेवू नका," भाग्यलक्ष्मी म्हणाली आणि फोटो बंद करून पुन्हा उघडून दाखवला. नाव होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी हॉल भरला होता. स्टेजवर होमाची तयारी, एका बाजूला पडदा, आणि पडद्यावर कोणी बघत नसले तरी फोटो सरकत होते. लॅपटॉपपाशी गुरुदत्त उभा. भाग्यलक्ष्मी पहिल्या रांगेत येऊन बसली होती. ओळ पुन्हा बदलली असेल तर उठून उभं राहायचं, हे तिनं रिक्षातच ठरवून टाकलं होतं. नरसिंहराव सोवळं नेसून पाटावर, शेजारी सावित्रीबाई. भटजींनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून माइक जवळ ओढून घेतला आणि संकल्प सुरू केला. गोत्र झालं, यजमानांचं नाव झालं.

"पत्नीचं नाव?"

"सावित्री," नरसिंहराव सवयीनं म्हणाले.

"अंबू," सावित्रीबाई म्हणाल्या.

भटजींनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "अंबिका म्हणू का? संकल्पात बरं वाटेल."

"अंबूच म्हणा. माझ्या वडिलांनी ठेवलेलं आहे ते."

भटजींनी म्हटलं. माइकमधून ते नाव हॉलभर गेलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अंबू कोण, असं गुरुदत्तच्या विहीणबाईंनी शेजारणीला विचारलं, आणि शेजारणीला सांगता आलं नाही. भाग्यलक्ष्मीला ती कुजबुज फार बरी वाटली. कुजबुजू देत, विचारू देत, निदान नाव कानावर तर पडलं.

तेवढ्यात पडद्यावर लग्नाचा फोटो आला. भाग्यलक्ष्मी खुर्चीच्या कडेला सरकली. फेटा, मुंडावळ्या, कॅमेऱ्यात सरळ बघणारे डोळे आणि खाली ओळ. तिनं लिहिलेलीच ओळ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

नरसिंहरावांची नजर वर गेली आणि लगेच समोरच्या ताम्हनात उतरली.

"खाली काय बघताय?" अंबूबाई म्हणाल्या. त्या हळूच म्हणाल्या, पण माइक समोरच होता. "वर बघा."

नरसिंहरावांनी मान वर केली. फोटो आता सरकायचा, म्हणून भाग्यलक्ष्मीनं गुरुदत्तकडे पाहिलं. त्यानं लॅपटॉपवरचं एक बटण दाबलं, आणि फोटो जागच्या जागी थांबला. पळी हातात धरून भटजीही थांबले होते.

"यजमान, चला पुढे," ते म्हणाले.

"थांबा स्वल्प," अंबूबाई म्हणाल्या. "बघू दे त्यांना."

"चष्मा नाही जवळ," नरसिंहराव पुटपुटले. "खालचं वाचता येत नाही."

मग अंबूबाईंनीच ती ओळ त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.